कट्यारीचा जन्मदाखला

शाळेत नवा विद्यार्थी आला की आपण आधी त्याचा दाखला मागतो. नाव, जन्मगाव, जन्मतारीख आणि याआधीची शाळा एवढे कळले की मुलाची नोंद होते. जुन्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. आजोबांच्या पेटीतून एखादी कट्यार निघते, तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी असते, आणि तिच्याबरोबर दाखल्याऐवजी एक गोष्ट येते. ती गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचे कसे? त्यात इतिहासाचा वाटा किती आणि विज्ञानाचा किती? अशाच एका कट्यारीच्या निमित्ताने आम्हाला या प्रश्नात शिरावे लागले. त्याची ही हकिकत.

सांगली जिल्ह्यात मिरजेजवळच्या एका माध्यमिक शाळेत आमचे एक स्नेही इतिहास शिकवतात. २०२४ च्या श्रावणात ते नववीच्या मुलांची सहल घेऊन साताऱ्याला गेले. त्या वर्षी १९ जुलैपासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून आलेली वाघनखे मांडलेली होती. रांगेत बराच वेळ उभे राहून मुले काचेपाशी पोचली. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, ही तीच कशावरून?" सरांनी तिला "नंतर सांगतो" म्हणून पुढे नेले. पण प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. त्याला एक कारण होते. त्यांच्या स्वतःच्या देवघरात एक कट्यार होती. दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा होई. पुढच्या प्रजासत्ताक दिनी ती शाळेच्या इतिहास कोपऱ्याला द्यायची, असे घरात ठरले होते. काचेची पेटी तयार होती. पितळी पाटीवर कोरायचा मजकूरही ठरला होता : 'शिवकालीन कट्यार. मिरजेच्या वेढ्यात आमच्या पूर्वजांना मिळालेली.'

खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, पाटी कोरायला टाकण्यापूर्वी एकदा बघून घ्या. उद्या हीच मुलगी मला विचारील, ही तीच कशावरून."

एक नव्हे, तीन प्रश्न

'ही वस्तू कुठली?' हा प्रश्न ऐकायला एक वाटतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. पहिला, ती कोठे आणि केव्हा घडवली गेली? दुसरा, घडवल्या जागेपासून इथपर्यंत ती कोणत्या वाटेने आली? तिसरा, ती कोणाच्या हातात होती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी वस्तूच्या अंगावर असते. दुसऱ्याचे थोडे वस्तूवर आणि बरेचसे कागदांत असते. तिसऱ्याचे उत्तर जवळजवळ नेहमी कागदांतच शोधावे लागते, कारण धरणाऱ्याचे नाव पोलादात उमटत नाही. नेहमी घोटाळा होतो तो असा की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की तिसऱ्याचेही मिळाले असे आपण धरून चालतो. 'शिवकालीन' या शब्दातच ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळून जातात.

आकार काय सांगतो

आम्ही सुरुवात डोळ्यांनी केली. लहान शस्त्रांच्या घडणीत प्रांतागणिक फरक आहेत आणि ते ओळखता येतात. पेशकब्जाला एकच धार असते आणि पात्याची पाठ जाड असते. खंजिराचे पाते दोन्ही बाजूंनी धारदार आणि नागमोडी वळणाचे असते. जंबिया ठळक वाकलेला, मध्ये उंच कणा असलेला. त्याचे मूळ अरबस्तानात आहे. बिचवा म्हणजे विंचू. त्याचे पाते विंचवाच्या नांगीसारखे दोनदा वळते आणि मूठ धातूच्या कडीसारखी असते. कट्यारीची मूठ तर कोणीही ओळखावी अशी. दोन लांब समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारे दोन किंवा अधिक आडवे दांडे. मुठीत आडवे दांडे धरले की पाते बोटांच्या गाठींच्या पुढे सरळ रेषेत येते, आणि ठोसा मारावा तसा वार करता येतो. पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, ते चिलखताच्या कड्यांतून आत घुसावे म्हणून.

कट्यारीच्या आकारातही काळ आणि प्रदेश दिसतात. दक्षिणेत विजयनगरच्या परंपरेतील जुन्या कट्यारींना हाताची पाठ झाकणारे पानाच्या आकाराचे कवच असे. उत्तरेत 'जमधर' या नावाने हे शस्त्र प्रसिद्ध होते आणि अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त शस्त्रांच्या यादीत ते आहे. अशा फरकांची पद्धतशीर मांडणी करणारे पहिले महत्त्वाचे इंग्रजी पुस्तक विल्ब्रहॅम एगर्टन यांनी १८८० साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील जी. एन. पंत यांनी या विषयावर मोठे काम केले.

सरांच्या कट्यारीला कवच नव्हते. बाजूच्या पट्ट्या लांब, साध्या, टोकाशी किंचित रुंद झालेल्या. दख्खनमध्ये अशी धाटणी पुष्कळ आढळते. एवढ्यावरून मूठ दख्खनी म्हणायला हरकत नव्हती. पण 'धाटणी' आणि 'जन्मगाव' यांत अंतर आहे, हे आम्ही वहीत त्याच ओळीत लिहून ठेवले. कारागीर गावे बदलतात, आणि दुसऱ्या गावची धाटणी पाहून तशीच वस्तूही घडवतात.

पाते आणि मूठ एका गावची नसतात

मग पात्याकडे वळलो. पात्याच्या मधोमध दोन पन्हळी होत्या. मूळ कट्यारीसाठीच घडवलेल्या पात्यात पन्हळ टोकाच्या आधी हळूहळू उथळ होत संपते. इथे ती टोकाशी घासून टाकल्यासारखी एकदम तुटली होती. मुठीजवळही ती संपत नव्हती, मुठीच्या पट्ट्यांखाली तशीच शिरत होती. याचा अर्थ हे पाते एका लांब पात्याचा तुकडा होता. दहापट भिंगातून पन्हळीच्या तळाशी दोन रोमन अक्षरे आणि तिसऱ्या अक्षराचा पाय दिसला. कट्यारीचे पाते युरोपीय तलवारीतून कापलेले होते!

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपीय पाती समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर मोठ्या संख्येने येत. त्यांना हिंदुस्थानी मूठ बसवली की ती 'फिरंग' होई. मराठी सैन्यात फिरंग आवडीची होती. लंडनच्या राजसंग्रहात असलेली आणि १८७५-७६ साली कोल्हापूरच्या महाराजांकडून प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेली तलवार घ्या. तिचे पातेही युरोपीय आहे. तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रागारातल्या प्रसिद्ध कट्यारी पाहा. त्यांच्या मुठींवर याळीसारखे दक्षिणी प्राणी कोरलेले आहेत आणि अनेकींना युरोपीय पाती रिवेटने जोडलेली आहेत. तलवार मोडली की तिचा चांगला तुकडा कट्यारीला वापरायचा, हा काटकसरीचा व्यवहार होता.

वस्तू किती फिरतात याचे तंजावर हे चांगले उदाहरण आहे. १८५५ मध्ये तंजावरच्या भोसले घराण्याचे राज्य खालसा झाले आणि शस्त्रागार विखुरले. आज त्यातली शस्त्रे चेन्नईच्या संग्रहालयापासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत सापडतात. उलट दिशेचे उदाहरण राजस्थानातले. बिकानेरच्या किल्ल्यातील कित्येक शस्त्रांवर ती अदोनीहून आणल्याचा लेख कोरलेला आहे. १६८९ च्या सुमारास महाराजा अनुपसिंह मोगलांच्या बाजूने दख्खनमध्ये होते, तेव्हाची ती लूट. तो लेख नसता तर बिकानेरमध्ये सापडल्या म्हणून त्या दख्खनी कट्यारी आपण राजस्थानी ठरवल्या असत्या. जेथे सापडली तेथली, हा नियम शेतातल्या खापराला बऱ्याचदा लागू पडतो. शस्त्राला तो लावू नये. शस्त्र हे भेट, लूट आणि बक्षीस म्हणून फिरण्यासाठीच असते.

सोन्याचे काम

घरातल्या सर्वांना मूठ अधिक मोलाची वाटत होती, कारण तिच्यावर सोनेरी वेल होती. हे काम कोफ्तगिरीचे. त्याची रीत साधी आहे. पोलादाच्या पृष्ठभागावर छिन्नीने उभ्याआडव्या बारीक रेघा मारून तो खरखरीत करतात. त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार अथवा पातळ पत्रा ठेवून हातोडीने ठोकतात आणि मग गुळगुळीत दगडाने घासून झळाळी आणतात. सोने त्या रेघांत अडकून बसते. आधी खोल खाच कोरून तीत जाड तार बसवण्याचीही रीत आहे. ती अधिक महाग आणि अधिक टिकाऊ.

सोने पाहून लोक वस्तूचे वय वाढवतात. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या १८५१ सालच्या महाप्रदर्शनानंतर, परदेशी गिऱ्हाइकांसाठी कोफ्तगिरीचे भरपूर काम झाले. पंजाबातील सियालकोट आणि गुजरात ही त्याची नावाजलेली ठिकाणे होती. जुन्या साध्या शस्त्रांवरही नवे सोने चढले. त्यामुळे अधिक सजलेली म्हणून अधिक जुनी, हे गणित चुकते.

सरांच्या कट्यारीत या बाबतीत एक सुंदर पुरावा होता. मुठीची डावी पट्टी कधीतरी मोडून पितळेच्या झाळाने सांधलेली होती. आणि सोनेरी वेल त्या सांध्यावरून पलीकडे गेली होती. वर्गात भूगोल शिकवताना आपण सांगतो की वरचा थर खालच्या थरानंतरचा. तोच नियम इथे लावला. वेल सांध्यावरून जाते, तेव्हा सोने दुरुस्तीनंतरचे. दुरुस्ती मूठ वापरून मोडल्यानंतरची. मूठ पात्याची पन्हळ झाकते, तेव्हा ती पाते कापल्यानंतर बसवलेली. अशा रीतीने एकही यंत्र न लावता चार घटनांचा क्रम लागला : युरोपीय तलवार, तिची कट्यार, कट्यारीची दुरुस्ती आणि शेवटी सजावट. त्या एका कट्यारीला एक जन्मतारीख मागणे हीच चूक होती. तिला निदान चार तारखा होत्या.

घासूनपुसून लख्ख!

दुसरा पुरावा मात्र आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झालेला होता. सोने आता फक्त कोपऱ्यांत उरले होते, आणि पात्यावरचे तिसरे अक्षर वाचण्यापलीकडे गेले होते. सरांच्या मातोश्री अभिमानाने म्हणाल्या, "दर नवमीला चिंच आणि राख लावून मी स्वतः घासते. माझ्या सासूबाईसुद्धा घासायच्या." आम्ही काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकारही आम्हाला नव्हता. संशोधनाच्या पहिल्या वर्षी एका जुन्या सुरीवरचा गंज आम्ही पॉलिश कागदाने हौसेने उतरवला होता. त्या गंजात म्यानाच्या लाकडाच्या रेषांचे ठसे होते, हे आमच्या मार्गदर्शकांनी उरलेल्या बोटभर जागेवर दाखवले तेव्हा कळले. ते लाकूड कोणते होते हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

चिंचेतील टार्टारिक आम्ल गंजाबरोबर पोलादही थोडे खाते आणि राखेचे कण सोन्याचा पातळ थर खरवडतात. दरवर्षी केसाच्या शतांशाएवढा थर गेला तरी शंभर नवमींत अक्षर पुसायला तो पुरतो. जुने शस्त्र कोरड्या मऊ कापडाने पुसावे, घामाचा स्पर्श टाळावा आणि दमटपणापासून जपावे. याहून अधिक काही करायचे असेल तर ते संग्रहालयातील जाणकाराकडून करून घ्यावे. पूजेला हळद-कुंकू म्यानावर किंवा पाटावर वाहता येते. हे मातोश्रींनी लगेच मान्य केले.

प्रयोगशाळा काय सांगते, काय नाही

"पण डॉक्टर, मशीनमध्ये घालून वय काढता येत नाही का?" सरांनी विचारले. हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

क्ष-किरणांचा झोत धातूवर टाकला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत पाठवते. ते मोजून वस्तूला ओरखडाही न काढता पृष्ठभागात कोणती मूलद्रव्ये आहेत हे कळते. या पद्धतीची खरी ताकद आहे खोटेपण पकडण्यात. पोलादात दहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम निघाले तर ते गंजरोधक पोलाद, म्हणजे विसाव्या शतकातले. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी ते १९१३ साली बनवले. सोन्याबरोबर पारा सापडला तर मुलामा पाऱ्यात सोने विरघळवून आणि तापवून चढवलेला, म्हणजे जुन्या रीतीचा. विजेने चढवलेला मुलामा असेल तर १८४० नंतरचा, कारण त्या सुमारास ही रीत व्यवहारात आली. क्ष-किरण छायाचित्रात मुठीच्या आतील जोड आणि रिवेट दिसतात.

पात्याची घडणही बोलते. हिंदुस्थानी मुशीतल्या पोलादात सुमारे दीड टक्का कार्बन असे आणि योग्य रीतीने घडवल्यास त्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. जे. डी. व्हर्होवन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार या अमेरिकन जोडीने १९९० च्या दशकात ही नक्षी पुन्हा घडवून दाखवली. ती उमटण्यात व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अगदी अल्प अंशाचा हात आहे, असे त्यांनी दाखवले. सरांच्या पात्यात ती नक्षी नव्हती. युरोपीय पात्यात ती नसणेच अपेक्षित होते.

आता वय. पोलादातला कार्बन लोहाराच्या कोळशातून येतो. लाकडी कोळसा वापरला असेल तर त्यातील कार्बन-१४ मोजून लाकूड केव्हा तोडले ते काढता येते. पोलादावर हा प्रयोग १९६० च्या दशकात सुरू झाला. तेव्हा मोठा तुकडा लागे, आता काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो. दगडी कोळसा वापरला असेल तर उत्तर फसवे येते, कारण त्यातला कार्बन-१४ लाखो वर्षांपूर्वीच संपलेला असतो.

समजा लाकडी कोळसाच होता. तरी एक अडचण उरते, आणि ती नेमकी आपल्याच इतिहासाच्या काळात येते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५७३० वर्षे आहे. त्यावरून १६५९ पासून १८१८ पर्यंतच्या १५९ वर्षांत त्याचे प्रमाण फक्त १.९ टक्क्यांनी घटते, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावे. उत्तम प्रयोगशाळा एवढा फरक सहज मोजतात. पण वातावरणातले कार्बन-१४ चे मूळ प्रमाणच या काळात एक-दोन टक्क्यांनी वरखाली होत होते. सुमारे १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. सूर्याची सक्रियता मंदावली की अधिक वैश्विक किरण पृथ्वीपर्यंत पोचतात आणि कार्बन-१४ अधिक तयार होतो. या चढउतारांमुळे एकाच मोजमापाला ढोबळमानाने १६४५ ते १६८० आणि १७६५ ते १८०० अशी दोन्ही उत्तरे लागू पडू शकतात. म्हणजे कट्यारीचा तुकडा कापून प्रयोग केला असता, तरी ती शिवाजी महाराजांच्या काळची की सवाई माधवरावांच्या, हे एवढ्यावरून ठरले नसते. तुकडा कापायचा नाही, असा निर्णय आम्ही घेतला.

साताऱ्याची वाघनखे

एवढी तयारी झाल्यावर नववीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. वाघनखे पोलादी आहेत. एका पट्टीवर चार नखे आणि बोटांसाठी दोन कड्या, अशी त्यांची रचना आहे. आकार व धातू यांवरून ती सतराव्या शतकातली असू शकतात का? असू शकतात. त्यानंतरची असू शकतात का? तीही शक्यता आहे. म्हणजे वस्तू स्वतः इथे थांबते, आणि कागदाकडे जावे लागते.

प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. महाराजांच्या हाती वाघनख आणि बिचवा होता असे सभासदाची बखर सांगते. ती १६९० च्या दशकातली, म्हणजे घटनेनंतर तीस ते चाळीस वर्षांची आहे. त्यानंतर लंडनच्या वाघनखांशी जोडलेले पुढचे नाव येते ते जेम्स ग्रँट डफ यांचे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा तरुण अधिकारी साताऱ्याला नेमला गेला. छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारात त्याचे वजन होते. पुढे स्कॉटलंडला परतून त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघनखे त्याच्या घराण्यात राहिली आणि १९७१ साली वंशजाने ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. म्हणजे ग्रँट डफ घराण्यापासून संग्रहालयापर्यंतची साखळी चांगली घट्ट आहे. मधली १६५९ ते १८१८ ही कडी मात्र मोकळी आहे.

ती कडी जोडणारा मजकूर वाघनखांच्या स्कॉटलंडमध्ये बनवलेल्या पेटीवर आहे. त्याचा आशय असा : शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारले ते हे वाघनख, ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने त्याला हे दिले. हा मजकूर विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून द्यावा आणि चुका शोधायला सांगाव्यात. अफजलखान मोगलांचा सेनापती नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. पेशवा हाच मुळात मुख्य प्रधान, मग पेशव्याचा पंतप्रधान कोण? ज्या माणसाने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला, त्याच्या हातून या चुका होणे अवघड आहे. म्हणून पेटीवरचा मजकूर त्याने स्वतः लिहिलेला नसावा, घरातली ऐकीव गोष्ट मागाहून कोणीतरी कोरली असावी, असे आम्हाला वाटते. हे आमचे अनुमान आहे, पुरावा नव्हे.

लंडनचे संग्रहालय स्वतःही सांगते की महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करता येत नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हा मुद्दा जाहीरपणे मांडला आणि त्यावर बरीच वादावादी झाली. वादात दोन्हीकडून एक चूक होते. 'सिद्ध झालेले नाही' म्हणजे 'सिद्ध झाले' नव्हे, हे एक बाजू विसरते. आणि 'सिद्ध झालेले नाही' म्हणजे 'खोटे आहे' असेही नव्हे, हे दुसरी विसरते. उद्या शिलेखान्याची एखादी मोडी यादी रुमालातून निघाली, आणि त्यात हे वाघनख कोणाला व केव्हा दिले याची ओळ सापडली, तर मोकळी कडी जोडली जाईल. ते काम क्ष-किरणांचे नाही, मोडी वाचणाऱ्याचे आहे. वाघनखे सुमारे सात महिने साताऱ्यात राहून पुढे नागपूरला गेली. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय मात्र कोणत्याही वर्गात आहे.

मिरजेची पाटी

सरांच्या कट्यारीलाही हीच कसोटी लावली. शिवाजी महाराजांनी १६६० च्या सुरुवातीला मिरजेला वेढा घातला होता, हे खरे आहे. पाते सतराव्या शतकातले असू शकते, हेही खरे. पण १७६१ पासून मिरज पटवर्धनांकडे होती, आणि १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीला वेगळी गादी केली. त्या दोन्ही संस्थानांतही शस्त्रे बक्षीस दिली जात असणारच. घरातला जुन्यात जुना कागद सरांच्या पणजोबांच्या सहीचा निघाला, आणि त्यात कट्यारीचा उल्लेख 'देवातील कट्यार' एवढाच होता.

हे ऐकून सर गप्प झाले. मातोश्रींनी मात्र सरळ विचारले, "म्हणजे ही आमची नव्हे का?"

"तुमचीच आहे, आई. चार पिढ्यांनी पुजलेली आहे, ते तर कागदावरच आहे. वेढ्याची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

"सासूबाईंनी. त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी."

"मग पाटीवर तेच लिहू."

२६ जानेवारीला पेटी शाळेत बसली. पाटीवरचा मजकूर आता असा आहे : 'कट्यार. पाते युरोपीय तलवारीचे, कापून बसवलेले. मूठ दख्खनी धाटणीची, एकदा सांधलेली. सोन्याचे काम दुरुस्तीनंतरचे. या घराण्यात किमान चार पिढ्या पूजेत. मिरजेच्या वेढ्यात मिळाली अशी घरातील आठवण. ती सासूकडून सुनेने ऐकली, नोंद २०२४.'

पाटी पहिल्यापेक्षा लांबली, आणि कोरणाऱ्याने अक्षरामागे पैसे घेतल्यामुळे खर्चही वाढला. पण नववीची ती मुलगी पाटी वाचून म्हणाली, "सर, आता विचारायला जागा आहे." पन्हळीतले तिसरे अक्षर कोणते असेल यावर वर्गात तेव्हापासून पैजा लागल्या आहेत.

वर्गासाठी एक उपक्रम

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक जुनी वस्तू निवडावी. अडकित्ता, पानाचा डबा, समई, मापटे, काहीही चालेल. लांबी, रुंदी आणि वजन मोजावे, चारही बाजूंनी चित्र काढावे, जोड, दुरुस्ती, अक्षरे आणि झीज भिंगाने पाहावी. वस्तू घासू नये. मग वहीत तीन रकाने आखावेत : 'पाहिले', 'ऐकले' आणि 'अनुमान केले'. ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दांत, नाव आणि तारखेसह लिहावी. आजीची गोष्ट 'ऐकले' या रकान्यात गेली म्हणजे ती खोटी ठरली असे नव्हे, तिला तिची योग्य जागा मिळाली, हे मुलांना जरूर सांगावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत, हेही पालकांच्या कानावर घालावे. वस्तू सांभाळली आणि वही लिहिली, तर पुढच्या पिढीला तिचा दाखला नव्याने शोधावा लागणार नाही.